गेन वाढवला की सूंऽऽ येतंय? प्रीअँप विकत घ्यायच्या आधी हे तपासून बघा

हा प्रश्न दर दोन-तीन आठवड्यांनी कुणीतरी विचारतंच. माईक आहे, इंटरफेस (माईक कॉम्प्युटरला जोडणारा डबा) आहे, घरातल्या एका खोलीत बस्तान मांडलंय, रेकॉर्डिंग करतोय पण गेन (माईकचा सिग्नल किती वाढवायचा तो नॉब) वर नेला की मागे सूं सूं येतं, आणि मग कुणीतरी सांगतं की अरे तुझ्या इंटरफेसचे प्रीअँप (माईकचा बारीक सिग्नल मोठा करणारं सर्किट) स्वस्तातले आहेत, वेगळा प्रीअँप घे. मग पुढचा प्रश्न ठरलेला, दहा-पंधरा हजारात चांगला प्रीअँप कुठला? आणि मग तो घेऊन झाल्यावर पंधरा दिवसांनी तोच माणूस परत येतो, सूं तसंच आहे म्हणून.

तर आधी सूं कुठून येतंय ते शोधू, खरेदीचं मग बघू. बहुतेक वेळा प्रीअँप बिचारा निर्दोष निघतो, आणि हे मी नुसतं म्हणत नाहीये, आकड्यांत दाखवतो.

प्रीअँपच्या स्पेसिफिकेशनमध्ये ईआयएन म्हणून एक आकडा असतो. प्रीअँप स्वतःचा किती आवाज मिसळतो ते त्यातून कळतं, जितका जास्त उणे तितका चांगला. आता १५० ओमचा एक साधा रेझिस्टर, नुसता टेबलवर पडलेला, खोलीच्या तापमानाला त्याचा स्वतःचाच आवाज साधारण उणे १३१ डीबीयू (सिग्नलची पातळी मोजायचं माप) असतो. हे फिजिक्स आहे, यापुढे लाख रुपयांचा प्रीअँपही जाऊ शकत नाही. आणि आपले घरगुती इंटरफेस कुठे आहेत? स्कार्लेटच्या तिसऱ्या पिढीचा छापील आकडा उणे १२८, मोटू एम२ चा उणे १२९. यातले बरेच आकडे ए-वेटेड असतात म्हणजे दोनेक डीबीने जरा नटवलेले असतात हे मान्य, तरी ते धरूनसुद्धा तुमच्या इंटरफेसमध्ये आणि जगातल्या सगळ्यात शांत प्रीअँपमध्ये फरक पडला तर फार तर तीन-चार डीबीचा. तीन-चार डीबीसाठी पंधरा हजार घालायचे तर घाला, पण त्याच्याआधी माईक एक वीत लांब आहे तो चार बोटांवर आणा, तिथेच साधारण नऊ डीबी फुकटात मिळतात. अंतर निम्मं केलं की सहा डीबी, हा हिशोब डोक्यात ठेवायचा.

आता यावर लगेच कुणीतरी म्हणणार की माझा शुअर एसएम७बी आहे, त्याला गेन फार लागतो. बरोबर आहे, लागतो. त्याची सेन्सिटिव्हिटी, म्हणजे ठराविक आवाजाला माईक किती सिग्नल देतो ते, उणे ५९ डीबी, एसएम५८ पेक्षाही साडेचार डीबीने कमी, आणि शुअर स्वतःच सांगतं की किमान ६० डीबी गेन हवा. पण तोही हिशोब करून बघू. नेहमीच्या आवाजात बोललो तर एक वीत अंतरावर साधारण ७३-७४ डीबी एसपीएल (हवेतल्या आवाजाची पातळी) पडतं. त्यावर एसएम७बी मधून निघतो साधारण उणे ७७ डीबीयूचा सिग्नल. प्रीअँपचा आवाज उणे १२८. मध्ये ५१ डीबीची जागा आहे. ऑडिओबुकवाल्यांचा जो एसीएक्स या प्लॅटफॉर्मचा निकष आहे त्यात आवाजाची आरएमएस, म्हणजे सरासरी, पातळी उणे २३ ते उणे १८ मध्ये हवी, पीक, म्हणजे सगळ्यात मोठा क्षण, उणे ३ च्या खाली आणि शांततेतला नॉइज फ्लोअर उणे ६० च्या खाली. म्हणजे आवाज उणे २० वर आणला तर प्रीअँपचं सूं येईल उणे ७१ वर. पास! तेही एसएम७बी सारख्या मठ्ठ माईकवर, तेही एक वीत लांबून, तेही साध्या इंटरफेसवर.

मग नापास कोण होतं? खोली. त्याच हिशोबात, उणे २० आणि उणे ६० मधले ४० डीबी बोलण्याच्या ७४ मधून वजा केले तर, खोलीचा आवाज ३४ डीबी एसपीएलच्या खाली पाहिजे. पंखा चालू असलेली बेडरूम सहज पंचेचाळीसच्या आसपास असते, त्यात खिडकीतून रिक्षा, वरच्या मजल्यावर कुणीतरी खुर्ची सरकवतंय, आणि लॅपटॉपचा स्वतःचा फॅन माईकपासून हातभर अंतरावर. गेन वाढवला की हे सगळं वर येतं आणि कानाला ते एकजीव सूंऽऽ असंच वाटतं, त्यामुळे माणूस समजतो की मशीनमधून येतंय.

कंडेन्सर माईकवाल्यांचं, म्हणजे ज्या माईकला चालायला इंटरफेसमधून वीज लागते त्यांचं, तर प्रकरण अजून सोपं. एटी२०२० चा स्वतःचा आवाज, म्हणजे सेल्फ नॉइज, २० डीबी आहे. हा माईक सिग्नल जोरात देतो त्यामुळे त्याचा हा स्वतःचा आवाज प्रीअँपपाशी पोचतो तेव्हा साधारण उणे १०९ डीबीयू असतो, म्हणजे प्रीअँपच्या आवाजापेक्षा १९ डीबी वर. तुम्ही प्रीअँप बदला, सोन्याचा बसवा, ते सूं माईकमधून येतंय त्यामुळे तसंच येणार. रोडच्या एनटी१-ए सारखा ५ डीबी सेल्फ नॉइजवाला शांत माईक घेतला तरी तो प्रीअँपच्या वरच असतो. तानपुरा, सतार, अगदी हळू आवाजातली अंगाई असलं काही रेकॉर्ड करायचं असेल आणि सूं त्रास देत असेल तर पैसे माईकमध्ये घाला, प्रीअँपमध्ये नको.

बरं, हे सगळं झालं कागदावर. तुमच्या घरात काय चाललंय ते कळायला एक साधी टेस्ट आहे, आणि ही केल्याशिवाय प्रीअँपचं नावही काढू नका. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानातून, मुंबईत लॅमिंग्टन रोड, पुण्यात बुधवार पेठेतला पासोड्या विठोबाजवळचा भाग, एक मेल एक्सएलआर प्लग (माईकच्या केबलचा तीन पिनांचा) आणि १५० ओमचा एक रेझिस्टर आणा, मेटल फिल्मचा मिळाला तर उत्तम. रेझिस्टरला दोन-पाच रुपयांच्या वर कोणी घेत नाही, बहुतेक दुकानदार एक सुटा द्यायलाच कुरकुर करतात, दहा घ्या. प्लग उघडला की आत पिनांना १, २, ३ असे बारीक आकडे कोरलेले असतात, डोळ्याला त्रास होतो, मोबाईलचा टॉर्च लावा. रेझिस्टरचं एक टोक २ नंबरला आणि दुसरं ३ नंबरला डाग द्यायचं, म्हणजे सोल्डर करायचं, १ नंबर रिकामी, टोपी बंद. झाला तुमचा मुका माईक. इंटरफेसला वाटतं की माईक लागलाय, पण हा माईक काही ऐकत नाही.

आता फॅन्टम (इंटरफेसमधून माईकला जाणारी ४८ व्होल्टची वीज) बंद ठेवून, गेन अगदी तिथेच ठेवा जिथे तुम्ही रोज ठेवता, आणि दहा-पंधरा सेकंद रेकॉर्ड करा. मग गेनला हात न लावता मुका प्लग काढून खरा माईक लावा, कंडेन्सर असेल तर फॅन्टम चालू करा, आणि तोंड बंद ठेवून परत तितकंच रेकॉर्ड करा. दोन्हीची आरएमएस पातळी बघा, रीपर किंवा ऑडासिटी अशा रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरमध्ये सहज दिसते. माईकवालं रेकॉर्डिंग मुक्या प्लगपेक्षा दहा, पंधरा, वीस डीबी वर असेल तर तुमचा आवाज खोलीचा किंवा माईकचा आहे, प्रीअँपचा नाही, विषय संपला. दोन्ही जवळपास सारखे असतील तर हो, आता प्रीअँपबद्दल बोलू शकतो. आणि मुक्या प्लगवर सूं च्या जागी घूं किंवा शिट्टीसारखं काही ऐकू आलं तर ती भानगड वेगळी, करंटची किंवा यूएसबीची, तिकडे खाली येतो.

याच्याही आधी एक करा, माईकच्या जाळीवर नखाने हळू टकटक करा. हसू नका. ओळखीतल्या एका व्हॉइसओव्हर करणाऱ्या ताईंनी सूं येतं म्हणून बूस्टर (माईक आणि इंटरफेसच्या मध्ये लावून सिग्नल वाढवणारी डबी) घेतला, केबल बदलली, खोलीत गाद्या उभ्या केल्या, आणि जाऊन बघितलं तर रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरमध्ये इनपुट लॅपटॉपच्या आतल्या माईकचं निवडलेलं होतं. माईकवर टकटक केली तर काही नाही, लॅपटॉपच्या कीबोर्डवर केली तर धाडधाड. अपडेट झाल्यावर विंडोज कधीकधी हे स्वतःहून बदलतं, त्यामुळे काल नीट होतं आणि आज बिघडलं असं असेल तर पहिला संशय इथेच घ्यायचा.

दुसरं, साइड ॲड्रेस कंडेन्सर माईक, एटी२०२० वगैरे, हे वरून टोकाशी गायचे नसतात, ज्या बाजूला लोगो असतो त्या बाजूने गायचे असतात. वरून गाणारे लोक खूप आहेत, आवाज लांबचा येतो म्हणून गेन वाढवतात आणि मग सूं.

जवळ गेल्यावर दोन त्रास होतात ते सांगून ठेवतो नाहीतर म्हणाल की जवळ जा म्हणाला आणि आवाज बोदा झाला. एक म्हणजे बेस वाढतो, त्याला ८० हर्ट्झच्या आसपास लो कट (त्याखालचा आवाज कापणारा फिल्टर) लावा. दुसरं म्हणजे आपल्या भाषेत प, फ, भ, ख कमी आहेत का, भक्तीगीत गायला घेतलं की पहिल्याच शब्दाला माईकवर वाऱ्याचा झोत. पॉप फिल्टर लावा आणि माईक तोंडाच्या बरोबर समोर न ठेवता थोडा बाजूला, गालाच्या कोपऱ्याकडे ठेवून तिरका तोंडाकडे वळवा. आणि गेन लावताना पीक उणे १२ च्या आसपास येऊ दे, बस झालं, २४ बिटमध्ये रेकॉर्ड करताय तर मीटर लाल होईपर्यंत नेण्याची काही गरज नाही, ती सवय कॅसेटच्या जमान्यातली.

आता घूंवाले. घूंऽऽ असा खालच्या पट्टीतला आवाज असेल तर तो आपल्याकडचा ५० हर्ट्झ आणि त्याचे १००, १५० वगैरे भाईबंद. याचा प्रीअँपच्या किमतीशी काही संबंध नाही. सगळ्यात आधी लॅपटॉपचा चार्जर काढा आणि बॅटरीवर चालवून बघा. आवाज गेला? मग बहुतेक चार्जर दोन पिनचा असणार, किंवा तीन पिनचा आहे पण सॉकेटमध्ये अर्थिंगच नाहीये. लॅपटॉपच्या धातूच्या बॉडीवर मनगट हलकं घासलं की बारीक झिणझिण्या येतात ना, तेच ते, चार्जरमधून गळणारा थोडासा करंट, त्याला जमिनीत जायला वाट नाही म्हणून तो तुमच्या ऑडिओच्या ग्राउंडमधून फिरतो. जुन्या चाळी, वाडे, गावाकडची घरं, इथे तिसऱ्या भोकात वायरच जोडलेली नसते हे सर्रास आहे. वायरमनला बोलावून अर्थिंग तपासून घ्या, लॅपटॉप, इंटरफेस, स्पीकर सगळं एकाच एक्स्टेंशन बोर्डावर घ्या, आणि काहीही झालं तरी घूं जातं म्हणून प्लगची अर्थची जाडी पिन कापून टाकू नका. व्हिडिओमध्ये दाखवतात, कापू नका. जिवाशी खेळ आहे.

पंख्याचा रेग्युलेटर हा अजून एक. गोल फिरणारा, कुठेही थांबवता येणारा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर असेल तर तो किर्रर्र असा आवाज लाइनमध्ये सोडतो, खास करून मधल्या स्पीडला. टेस्ट म्हणजे पंखा पूर्ण फुल करा किंवा पूर्ण बंद करा, किर्रर्र गेलं तर तोच. कपॅसिटरवाला स्टेपचा रेग्युलेटर बसवून घ्या, फार महाग नसतो. एलईडी दिव्यांचे डिमर, जुन्या ट्यूबलाइटचा चोक, आणि लाइट गेल्यावर चालू होणारा स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टर, ही सगळी त्याच कुळातली मंडळी. इन्व्हर्टरवर असताना टेक घेऊच नका, लॅपटॉप बॅटरीवर आणि इंटरफेस यूएसबीवर असेल तर तेवढं चालतं.

बारीक शिट्टी, ईऽऽऽ अशी, साधारण १ किलोहर्ट्झची आणि माउस हलवला की बदलणारी? ती यूएसबीमधून येते. यूएसबीचा डेटा ठराविक तालात जातो, सेकंदाला हजार किंवा आठ हजार वेळा, आणि पोर्टचं पॉवर खराब असलं की तो ताल ऐकू येतो. दुसरा पोर्ट बघा, हबमध्ये लावलं असेल तर थेट लॅपटॉपला लावा, नाहीतर उलट, स्वतःचा ॲडॉप्टर असलेला पॉवर्ड हब वापरून बघा.

केबल. एक्सएलआरच्या तीनपैकी २ किंवा ३ नंबरची एक तार आतून तुटली तरी डायनॅमिक माईक (फॅन्टम न लागणारा, एसएम७बी सारखा) चालतच राहतो, फक्त आवाज बारीक होतो आणि घूं येतं, त्यामुळे लोकांना कळत नाही. केबल बदलून बघा, एवढंच.

कोकणात, मुंबईत, गोव्यात पावसाळ्यात कंडेन्सर माईक तडतड करायला लागला तर तेही प्रीअँपचं नाही. कॅप्सूलवर दमट हवा बसते. रात्री सिलिका जेलच्या पुड्यांसोबत डब्यात बंद करून ठेवा, सकाळी बहुतेक वेळा गेलेलं असतं.

इतकं सगळं करून, मुक्या प्लगच्या टेस्टमध्येही प्रीअँपच दोषी निघाला, तर आता खरेदीचं बोलू.

जुना किंवा अगदी खालच्या रेंजचा इंटरफेस असेल, गेन पन्नासच्या आसपास संपत असेल आणि नॉब शेवटच्या टप्प्यात गेल्यावर एकदम सूं उसळत असेल, आणि माईक डायनॅमिक असेल, तर सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे इनलाइन बूस्टर. क्लाउडलिफ्टर सीएल-१ चं नाव सगळ्यांना माहीत असतं, तो २५ डीबी देतो. क्लार्क टेकनिकचा सीटी१ सुद्धा २५ च देतो आणि किंमत बरीच कमी. फेटहेड साधारण २७. याला इंटरफेसमधून ४८ व्होल्ट फॅन्टम द्यावं लागतं, माईक डायनॅमिक असला तरी, कारण वीज बूस्टरला हवी असते. आणि नेहमीचा बूस्टर ते फॅन्टम पुढे माईकपर्यंत जाऊ देत नाही, त्यामुळे कंडेन्सर माईकला लावलात तर माईक मुकाच राहणार, मग बूस्टर खराब आला म्हणून परत पाठवू नका.

पण माझं मत विचाराल तर बूस्टर प्लस जुना इंटरफेस यापेक्षा इंटरफेसच बदला. स्कार्लेट २आय२ च्या चौथ्या पिढीला ६९ डीबी गेन आहे, तिसरीला ५६ होता, म्हणजे एसएम७बी ला नुसता तोच पुरतो. मोटू एम२ ला ६०, ऑडिएंट आयडी४ च्या एमके२ ला ५८. नवीन माईकच घ्यायचा असेल तर शुअरने २०२३ मध्ये एसएम७डीबी काढला त्यात बूस्टर आतच आहे, १८ किंवा २८ डीबी, पण पैशाचा विचार करता इंटरफेस बदलणं मला जास्त पटतं, तो बाकी सगळ्या माईकना पण कामाला येतो.

वेगळा प्रीअँप मग कुणी घ्यायचा? एक, ज्याला रंग हवाय. गोल्डन एज प्री-७३ सारखे नीव्ह १०७३ या जुन्या गाजलेल्या प्रीअँपच्या धाटणीचे, ट्रान्सफॉर्मरवाले प्रीअँप आवाजाला थोडी जाडी देतात, मधल्या पट्टीत काहीतरी छान होतं, मान्य. एआरटी ट्यूब एमपी स्वस्त आहे, आत १२एएक्स७ ट्यूब आहे, पण ती ट्यूब कमी व्होल्टेजवर चालवलेली असते त्यामुळे मोठ्या ट्यूब प्रीअँपचा बाज त्यात शोधू नका, खेळायला मजा येते. पण लक्षात घ्या, रंग म्हणजे शांतता नव्हे. सूं जावं म्हणून ट्यूब प्रीअँप घेणं म्हणजे तहान लागली म्हणून भजी खाणं.

दोन, ज्याला चॅनेल कमी पडतायत. तबल्याला दोन माईक, पेटीला एक, गायकाला एक, टाळाला एक, सगळे एकत्र बसून रेकॉर्ड करणार असाल तर दोन इनपुटचा इंटरफेस कुठे पुरणार? तुमच्या इंटरफेसला ऑप्टिकल एडॅट इनपुट (एकाच केबलमधून आठ चॅनेल आत घेणारं) असेल, स्कार्लेट १८आय२० ला असतं तसं, तर बेरिंजरचा एडीए८२०० एकदम आठ माईक प्रीअँप वाढवून देतो, ४८ किलोहर्ट्झपर्यंत. दर चॅनेलचा हिशोब केला तर यापेक्षा स्वस्त पर्याय मला तरी दिसत नाही. २आय२ ला एडॅट नाहीये, विकत घ्यायच्या आधी मागची बाजू बघा.

आणि वेगळा प्रीअँप घेतलाच तर तो जोडताना होणारा घोळ. प्रीअँपच्या एक्सएलआर आउटपुटमधून केबल काढून इंटरफेसच्या एक्सएलआरमध्ये घालतात, म्हणजे नवीन प्रीअँपनंतर परत जुना प्रीअँप, दोन्हीचं सूं, आणि आवाज फाटतो तो वेगळाच. आउटपुट लाइन इनपुटला जायला पाहिजे, म्हणजे कॉम्बो जॅकच्या मधल्या भोकात पाव इंची टीआरएस प्लग, इन्स्ट्रुमेंटचं बटण बंद, इंटरफेसचा गेन पूर्ण खाली, आणि इंटरफेसचं ४८ व्होल्ट बंद. फॅन्टम लागणारा माईक असेल तर ते नवीन प्रीअँपवर चालू करायचं, इंटरफेसवर नाही.

सेकंडहँड घेत असाल, आणि प्रीअँपच्या बाबतीत सेकंडहँड घ्यायला हरकत काहीच नाही, तर मुका प्लग सोबत घेऊन जा. गेन खालून वर सावकाश फिरवून ऐका, फिरवताना खरखर आली तर पॉट, म्हणजे नॉबखालचा फिरणारा भाग, घाण झालाय, कॉन्टॅक्ट क्लीनरने बऱ्याचदा जातं, त्यावर किंमत थोडी पाडता येते. मग मल्टिमीटर डीसीवर ठेवून फॅन्टम चालू करा आणि माईक इनपुटच्या १ आणि २ मध्ये, मग १ आणि ३ मध्ये व्होल्ट मोजा. दोन्हीकडे ४४ ते ५२ च्या मध्ये आलं तर ठीक. एका बाजूला ४८ आणि दुसऱ्या बाजूला तीस-बत्तीस असं दिसलं तर आतलं काहीतरी, रेझिस्टर किंवा कपॅसिटर, गेलंय, तो चॅनेल कंडेन्सरला वापरता येणार नाही, विकणारा कितीही म्हणाला की माझ्याकडे नीट चालत होतं तरी.